डोळे मिटलेली बाई

“हिनं तर डोळेच मिटून घेतले होते,” अविनाश म्हणाला, आणि मसालेभाताचं पातेलं पुढे सरकवता सरकवता कुमुदचा हात जागच्या जागी थांबला. रविवारची दुपार होती. दिल्लीतल्या द्वारकेत जानेवारीत ऊन पडलं की घरोघरच्या खुर्च्या बाल्कनीत येतात. त्यांचंही जेवण बाल्कनीच्या दाराशी टेबल ओढून चाललं होतं. समोर सूर्यकांत आणि हेमलता. सूर्यकांत रेल्वे बोर्डात होता, नागपूरहून बदली होऊन आलेला, आणि महिन्याभरापूर्वीच दोघं याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहायला आली होती. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की थायलंडला जायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून अविनाश त्यांना तिथल्या समुद्रातल्या गुहांची गोष्ट सांगत होता. “होडी म्हणजे काय, रबराची. हवा भरलेली. गुहेचं तोंड एवढंसं. आत शिरताना आडवं पडावं लागतं, अक्षरशः नाकावरून दगड जातो. मिट्ट काळोख. हिनं माझा हात असा धरला, असा, की नखं रुतली. मला बाहेर काढा म्हणून रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं कुमुद, मी आहे ना! पण नाही. डोळे गच्च मिटले ते शेवटपर्यंत. कंपनीनं एवढ्या लांब नेलं, आणि बाईसाहेबांनी काही पाहिलंच नाही!” सगळे हसले. हेमलता मायेनं म्हणाली, “मलाही नाही जमणार बाई असलं काही.” अकरावीतली वैभवी ताटातला मटार बोटानं ढकलत म्हणाली, “पण आई तर लिफ्ट अटकली तरी घाबरत नाही, यार. मागच्या वेळी मीच रडले होते.” अविनाश म्हणाला, “लिफ्ट वेगळी, समुद्र वेगळा.” सूर्यकांतनं विचारलं, “आणि गुहेच्या आत काय असतं?” अविनाश क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आत ना… फार सुंदर आहे. निसर्ग. शब्दांत नाही सांगता येत.” कुमुद म्हणाली, “कढी घ्या ना. गार होतेय.”

गोष्ट तशी नवी नव्हती. दोन वर्षं कुमुद ती ऐकत आली होती. गुहेतून आल्यावर त्याच संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर, अविनाशच्या साहेबांनी ‘कैसा रहा?’ विचारलं तेव्हा अविनाशनं हसून सांगितलं होतं की कुमुद जरा घाबरली. तेव्हा ती गोष्ट म्हणजे एवढंसं वाक्य होतं. ऑफिसातले सगळे होते, त्यांच्या बायका होत्या, आणि अविनाशचा चेहरा अजून पांढरा होता. कुमुदनं मान हलवली होती. ठीक आहे, म्हणू दे. मग दिल्लीला परतल्यावर त्या वाक्याला हातपाय फुटले. मंडळाच्या गणपतीत नखं आली. नणंद सांगलीहून आली होती तेव्हा रडणं आलं. तरीही कुमुदला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. नवरे काहीबाही सांगतात. पण आज ‘काही पाहिलंच नाही’ हे आलं, आणि पाहुणे गेल्यावर भांडी विसळताना तिच्या लक्षात आलं की आपल्या छातीत काहीतरी लागलं आहे. दुखत नव्हतं. पायरी नाही हे न कळता पाऊल टाकावं आणि ते जरा जास्त खाली जावं, तसं झालं होतं. नळाचं पाणी बोटांवरून जात होतं. द्वारकेचं ते खारट पाणी, साबणाला फेस न येऊ देणारं. खिडकीबाहेर सेक्टरच्या कडेनं मेट्रोचे खांब उभे राहत होते, अजून डोक्यावर काहीच नसलेले, आणि त्यांच्यावरून एक विमान पालमकडे इतकं खाली आलं की त्याची चाकं दिसली. भीती त्यानं तिच्या नावावर केली, तिथवर चाललं असतं. पण पाहिलेलं कसं काय घेतलं?

कारण पाहिलं होतं तिनंच. अविनाश तेव्हा गुडगावच्या एका मोबाईल फोनच्या कंपनीत होता. सरकारी नोकरी सोडून त्यात शिरला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या वर्षी त्याच्या विभागाचं टार्गेट पुरं झालं, आणि कंपनीनं मॅनेजर लोकांना बायकांसकट फुकेतला नेलं. कुमुदनं समुद्र पाहिला नव्हता असं नाही; लहानपणी रत्नागिरीला मावशीकडे जात असे. पण हा समुद्र दुधात हिरवा रंग घोळवल्यासारखा होता, आणि त्यातून डोंगर सरळ वर आले होते, पायथा नसलेले. मोठी बोट एका डोंगराजवळ थांबली. रबरी होड्या खाली सोडल्या, प्रत्येकीत दोघं आणि मागे वल्हं मारणारा एक माणूस. कुमुद पुढे बसली, अविनाश तिच्या मागे, पाय दोन्ही बाजूंना पसरून. होडीवाला उन्हानं काळवंडलेला, गळ्यात टॉर्च अडकवलेला. त्याला इंग्रजीतले चार शब्द येत. जवळ गेल्यावर दिसलं की डोंगराला पाण्यालगत एक फट आहे, ओठ जरासे उघडावेत एवढी. इथून? तिनं मागे वळून अविनाशकडे पाहिलं तेव्हा तो गॉगल काढून शर्टाच्या खिशात ठेवत होता, आणि तो खिशात जात नव्हता. “डाऊन, डाऊन,” होडीवाला म्हणाला. ती मागे कलली. तिचं डोकं अविनाशच्या पोटावर आलं. दगड वर आला. आधी कपाळावर त्याचा गारवा आला, मग वास, ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांचा, मग टॉर्चच्या उजेडात त्याचं अंग. त्याला शिंपले चिकटले होते, धारदार, उघड्या तोंडांचे, हजारो, आणि ते तिच्या नाकावरून इतक्या सावकाश जात होते की एकेकाकडे पाहता येत होतं. होडीचं रबर कुठेतरी घासलं. पाणी छताला चापट मारल्यासारखं वाजत होतं. मग टॉर्च वळला आणि काहीच दिसेनासं झालं.

तेव्हा तिच्या दोन्ही दंडांना मागून हात आले. आधी तिला वाटलं तो तिला धरतोय, ती पडू नये म्हणून. मग त्या बोटांतला जोर वाढत गेला, आणि तिला कळलं की हे धरणं वेगळं आहे. तिच्या डोक्याखालचं त्याचं पोट हिसके देत वरखाली होत होतं. “कुमुद,” तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. फार वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी होता. “कुमुद, मला बाहेर काढ. बाहेर काढ गं मला.” आणि मग नुसतं हुंदक्यासारखं काही. होडीवाला मागून म्हणाला, “नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम.” तिनं आपले हात उलटे नेऊन त्याच्या मनगटांवर ठेवले. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि या माणसाला रडताना तिनं पाहिलं नव्हतं. त्याचे वडील गेले तेव्हाही तो स्टेशनवर तिकिटांची व्यवस्था बघत होता. ती म्हणाली, “झालंच हं. झालंच आता.” वैभवीला इंजेक्शन देताना म्हणायची तसं. आणि तिचं तिलाच नवल वाटलं की आपल्याला काहीच होत नाहीये. काळोख होता, दगड होता, खाली किती पाणी कोण जाणे, आणि तिच्या आत शांत होतं. मग पुढे हिरवट उजेड दिसला, होडी त्यात गेली आणि दगड संपला. डोंगराच्या पोटात एक तळं होतं. चारी बाजूंना सरळ उंच भिंती, भिंतींना लटकलेली झाडं, आणि वर आकाशाचा एक तुकडा, विहिरीतून दिसतो तसा. ती उठून बसली. अविनाश उठला नाही. होडीच्या तळाशी हातानं डोळे झाकून तो कुशीवर पडून राहिला. “अहो, बघा तरी,” ती म्हणाली. “परत त्यातूनच जायचंय ना?” त्यानं डोळ्यांवरचा हात न काढता विचारलं. ती हो म्हणाली. “मग नको,” तो म्हणाला. भरतीच्या आत बाहेर पडायचं होतं. परतताना त्यानं पुन्हा तिचे दंड धरले. बाहेर उन्हात आल्यावर त्यानं तोंडावर समुद्राचं पाणी मारलं, गॉगल लावला, आणि मोठ्या बोटीवर चढताना वरून कुणीतरी हात दिला तेव्हा तो हसून म्हणाला, “फँटास्टिक!”

हे असं झालं होतं. पण त्या रविवारनंतर कुमुदला एक विचित्र सवय लागली. सकाळी चार्टर्ड बसनं आर. के. पुरमला ऑफिसला जाताना, खिडकीला डोकं टेकून, ती ते पुन्हा पुन्हा आठवून बघू लागली, आणि दर वेळी त्यात काहीतरी सैल होत होतं. दंडावरचे वळ दिल्लीला पोचेपर्यंत गेले होते. त्या होडीवाल्याशिवाय कुणी काही पाहिलेलं नव्हतं, आणि तो आता हजारो होड्यांनंतर कुठे असेल? उलट अविनाशची गोष्ट कितीतरी लोकांनी ऐकली होती, हसून घेतली होती, पुढे सांगितली होती. एकदा तर बस धौला कुव्याच्या गर्दीत उभी असताना तिला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं, की होडीत एक बाई डोळे गच्च मिटून रडते आहे आणि तिच्या अंगावर आपलीच साडी आहे. तिथे तर तिनं पंजाबी ड्रेस घातला होता. ती दचकून सरळ बसली. शेजारच्या सरला मॅडमनी विचारलं, “क्या हुआ, नींद लग गई?” ती म्हणाली, “हाँ, ज़रा.” तिला वाटलं, आपण विसरलो, की झालंच. मग ते तळं कुणी पाहिलंच नाही. डोंगराच्या पोटात ते तसंच राहील आणि आपलं त्याच्याशी काही नातं राहणार नाही.

आणि मग ती असंही म्हणे, की यात अविनाशचं एकट्याचं काय? घरातली सगळी भीती पहिल्यापासून तिच्याच नावावर होती. लग्न होऊन ती सांगलीहून दिल्लीला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं, ती भाजीवाल्याशी बोलायला घाबरे. ते खरं होतं. अविनाशनं सरकारी नोकरी सोडायचं ठरवलं तेव्हा तिनं दोन दिवस जेवण टाकलं होतं. तेही खरं होतं. क्वार्टर जाणार, पेन्शन जाणार, कंपनी बुडाली तर? तो म्हणे, “हे बघ, जग बदलतंय. तू घाबर, मी उडी मारतो.” हे तो चेष्टेनं म्हणे, पण तसंच चालत आलं होतं. तिनं घाबरायचं, त्यानं उडी मारायची. ती घाबरलेली असे म्हणूनच कदाचित त्याला घाबरावं लागत नसे. एका घरात दोघांनी तेच काम कशाला करायचं? गाडी घेतली तेव्हा, ही द्वारकेची जागा घेतली तेव्हा, जेव्हा इथे नुसतं माळरान होतं आणि संध्याकाळी कोल्हे ओरडत. प्रत्येक वेळी तो लोकांना सांगे, “कुमुद घाबरत होती.” आणि ती हसे. पण मधल्या वर्षांत कधीतरी तिची भीती कमी कमी होत गेली होती आणि हे कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. त्यालाही, स्वतःलाही. ती आता भाजीवाल्याशी भांडत असे. ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं होती. भीती घरातून निघून गेली होती असं तिला वाटत होतं, आणि ती निघून गेली नव्हती. तिनं नुसती जागा बदलली होती.

फेब्रुवारीत अविनाशच्या हातातून कप पडला. सकाळचा चहा घेताना डाव्या हातातला कप त्याच्या बोटांतून अलगद सुटला, जणू बोटांनी त्याला न विचारताच ठरवलं. त्यानं फुटलेल्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, “निसटला.” पण काही दिवसांपूर्वी शर्टाची बटणं लावतानाही त्याचा हात अडखळत होता, हे तिनं पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्यात नस दबत असावी, नक्की कुठे आणि किती ते एमआरआयशिवाय सांगता येणार नाही, आणि उशीर करू नका, हाताची ताकद गेली तर परत यायला कठीण. अविनाश गुरुवारी ऑफिसातून परस्पर जाऊन यायचं म्हणाला. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं विचारलं तेव्हा तो बूट काढत होता. “मशीन बिघडलं होतं त्यांचं. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.” पुढच्या आठवड्यात मीटिंग निघाली. मग एका दुपारी कुमुद अर्धा दिवस सुट्टी घेऊन घरी असताना फोन वाजला. इस्पितळातल्या कुणा मुलीचा आवाज होता. “मैडम, सर का एमआरआई दोबारा कब रखें? उस दिन तो वो बीच में उठकर चले गए थे.” कुमुद म्हणाली, “बीच में?” मुलगी म्हणाली, “जी, अंदर जाते ही. दो बार ट्राय किया. काफ़ी लोगों को होता है मैडम, कोई बात नहीं.” कुमुदनं फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली. खाली कुणीतरी गादी वाळत घालून झोडपत होतं. तिला हसू आलं, खरंच आलं. तर ते झालं होतं. होडीत रडणारा तो अविनाश तिनं मनानं रचलेला नव्हता. आणि तो एकटाच गेला होता, गुरुवारी, ऑफिसच्या कपड्यांत, दोनदा आत जाऊन दोनदा उठून आला होता, आणि मग घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडत बसला होता.

संध्याकाळी तिनं त्याला सरळ विचारायचं ठरवलं होतं. पण तो आला, सोफ्यावर बसला, रिमोट डाव्या हातात धरायचा प्रयत्न करून उजव्या हातात घेतला, आणि तिला वाटलं, आत्ता विचारलं तर हा पुन्हा काहीतरी सांगेल, आणि मग ते सांगितलेलं आम्हा दोघांना आयुष्यभर सांभाळत बसावं लागेल. म्हणून ती नुसती म्हणाली, “शनिवारची वेळ घेतलीय मी तुमच्या एमआरआयची. मी येणार बरोबर.” “तू कशाला? सुट्टीच्या दिवशी?” “येते.” त्यानं टीव्हीवरून नजर काढली नाही. चॅनेल बदलत म्हणाला, “बघू.” वैभवी आपल्या खोलीतून ओरडली, “बाबा, बघू काय, जा ना यार! तुमचा हात बिल्कुल वीक झालाय.” तो म्हणाला, “हो गं बाई, हो.”

शनिवारी सकाळी धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं होतं. इस्पितळाच्या तळघरात पांढरे दिवे लागलेले होते आणि भिंतीवर, कुणाला सुचलं कोण जाणे, एका धबधब्याचं मोठं चित्र होतं. टेक्निशियन मुलगी कोवळी होती, वैभवीहून फार मोठी नसेल. तिनंच बहुधा फोन केला होता, पण ओळख दाखवली नाही. अविनाशनं कपडे बदलून इस्पितळाचा निळा झगा घातला. त्यात त्याच्या पोटऱ्या उघड्या दिसत होत्या, पांढऱ्या, म्हाताऱ्या माणसाच्या. दारातून ते यंत्र दिसत होतं, भिंतीएवढं, आणि मधोमध गोल भोक. त्यानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग तो त्या मुलीकडे वळून, त्याचा जो ऑफिसातला आवाज होता त्या आवाजात, हसत म्हणाला, “मेरी वाइफ़ बहुत घबरा रही हैं. इनको अंदर साथ बैठने देंगे क्या?” मुलीनं कुमुदकडे पाहिलं. हो म्हणायला फक्त मान हलवायची होती. इतकी वर्षं तिनं ती हलवली होती, आणि ती आताही हलायला लागलीच होती, आपसूक. आत जायला मिळालंच असतं, त्याचं कामही झालं असतं. आणि ही मुलगी घरी जाऊन कुणाला सांगणार होती? पण कुमुदनं पाहिलं, की अविनाशचं हसू तोंडावर तसंच राहिलं आहे आणि उजव्या हातानं त्यानं दाराची चौकट गच्च धरली आहे. ती म्हणाली, “मुझे डर नहीं लगता. इनको लगता है. बंद जगह का. मैं पैर के पास बैठूँगी, पैर पकड़कर.” हे ती रागानं बोलली नाही. दुकानात माप सांगावं तसं सांगितलं. खोलीत कुठलातरी पंखा घरघरत होता. तिला वाटलं, आता तो निघून जाईल, किंवा म्हणेल, काहीतरीच काय! अविनाशनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं त्या मुलीकडे पाहिलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाला, “हाँ.” मुलगी म्हणाली, “कोई बात नहीं, अंकल. मैडम, जो भी मेटल है, उतार दीजिए.” कुमुदनं बांगड्या काढल्या, कानातले काढले, मंगळसूत्र काढलं. गळा एकदम हलका आणि उघडा वाटला.

तो आडवा झाला. मुलीनं त्याच्या कानांत कापूस दिला, मानेभोवती जाळीसारखं काहीतरी बसवलं, उजव्या हातात एक रबरी फुगा दिला, दाबला की थांबवू म्हणाली. कुमुद पायथ्याशी स्टूल घेऊन बसली आणि तिनं त्याचा घोटा धरला. पलंग सरकू लागला. आधी त्याचे केस गेले, मग कपाळ, मग नाक, आणि भोकाची कड त्याच्या नाकावरून इतक्या सावकाश गेली, की कुमुदनं स्वतःचा श्वास धरला. घोट्यातले स्नायू दोरीसारखे ताठ झाले. मग आवाज सुरू झाला, ठोकल्यासारखा, खांबांसाठी जमीन भोसकतात तसा. बोलून काही ऐकू जाणार नव्हतं. ती नुसती दाबत राहिली. या माणसाचा पाय आपण किती वर्षांत हातात घेतला नव्हता, तिला आठवेना. घोट्यापाशी एक जुना व्रण होता. तो कशाचा ते तिला माहीत नव्हतं. त्याची बोटं आखडत, सुटत, पुन्हा आखडत. एकदा सगळा पाय उडाला आणि तिला वाटलं, आता फुगा दाबला जाणार. तिनं दोन्ही हातांनी पाऊल धरलं आणि छातीशी घेतलं. फुगा दाबला गेला नाही. हळूहळू, फार हळू, तिच्या हातातलं पाऊल जड होत गेलं, झोपलेल्या मुलाचं होतं तसं. आपण मघाशी जे बोललो ते बोललो, एवढंच तिच्या मनात होतं; त्याचा आनंद झाला नव्हता, वाईटही वाटत नव्हतं.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. मानेतली एक चकती सरकली होती. ऑपरेशनवाचून भागलं, गळ्याला पट्टा लागला, व्यायाम लागले, आणि उन्हाळा सरेपर्यंत हातात बरीचशी ताकद आली. पण ते नंतरचं. त्या दिवशी ती दोघं वर कँटीनमध्ये येऊन चहा घेऊन बसली तेव्हा धुकं विरलं होतं आणि काचेतून पिवळट ऊन टेबलावर आलं होतं. अविनाशनं चहा उजव्या हातानं उचलला. मानेवर त्या जाळीचा लाल वळ होता. “तू सांगितलंस तिला,” तो म्हणाला. “हो.” “सरळ सांगून टाकलंस.” “हो.” त्यानं चहाचा एक घोट घेतला. बाहेर गाड्या लावायच्या जागेवरून कुणाशी तरी कुणाचं भांडण चाललं होतं. कुमुदनं विचारलं, “लहानपणी काही झालं होतं का? तुमच्या हरिपूरला हळदीची पेवं असायची ना जमिनीत, तुम्ही मुलं आत उतरायचा… तसं काही?” त्यानं खरोखर विचार केला, हे तिला दिसलं. मग मान हलवायला गेला आणि मान दुखली म्हणून थांबला. “नाही गं. काही झालं नव्हतं. कधीच काही नाही. नुसतं आहे. शाळेत असल्यापासून आहे.” मग म्हणाला, “मला वाटायचं, कुणाला कळलं की संपलं.” “काय संपलं?” “ते नाही माहीत.” त्याला हसू आलं, आणि हे हसू तिच्या ओळखीचं नव्हतं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पोऱ्या येऊन रिकामी बशी घेऊन गेला. अविनाश कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, “कुमुद, तिथे आत काय होतं गं?” ती समजली, पण तिनं विचारलं, “कुठे?” “त्या डोंगरात. मी काही पाहिलं नाही. लोक विचारतात आणि मी आपलं निसर्ग निसर्ग करतो.” तो तिच्याकडे बघत होता. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं तिला ज्याचं उत्तर त्याला माहीत नाही असं काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला वाटलं होतं, की कधी असं झालंच तर आपण म्हणू, आता कशाला? आणि तसं म्हणायचा हक्क होता. पण तिनं तोंड उघडलं तेव्हा ते तळंच बाहेर आलं. ती म्हणाली, पाणी इतकं स्थिर होतं की वल्हं त्यात घालायला होडीवाल्यालाच जिवावर आलं असावं, त्यानं ते बाहेर काढून मांडीवर ठेवलं. कडेला चिखल होता, त्यात मुळं बोटांसारखी वर आली होती, आणि चिखलावर मासे चालत होते. “मासे? चालत?” “हो. पुढच्या परांवर. उड्या मारत. मोठ्या डोळ्यांचे, बेडकासारखे. एक तर माझ्याकडे बघत होता.” भिंतीवरून पाणी ठिबकत होतं, आणि ते कुठून ठिबकतं ते दिसत नव्हतं, नुसता आवाज यायचा, आणि तो गोल फिरून पुन्हा यायचा. एक पक्षी वरून गेला, त्याची सावली आधी पाण्यावर दिसली. होडीवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं, पण बोलावंसं कुणाला वाटणार होतं तिथे? ऊन फक्त वरच्या झाडांना लागत होतं, खाली येतच नव्हतं, तरी सगळं उजळ होतं. तो ऐकत होता, अजून पट्टा न लागलेली मान एका बाजूला धरून, आणि मधे मधे ‘हं’ म्हणत होता. तिनं त्याला रंग सांगितला, वास सांगितला, तो गारवा सांगितला, वरच्या आकाशाच्या तुकड्यातून ढगाचा कोपरा कसा येऊन गेला तेही सांगितलं. त्या तळ्यात काही वेळ, किती ते तिलाही माहीत नाही, आपल्या मागे होडीत तो पडलेला आहे हे ती साफ विसरून गेली होती. तो नव्हता, वैभवी नव्हती, दिल्ली नव्हती, कुणीच नव्हतं, आणि तिला कुणाचीच उणीव भासली नव्हती. तेवढं सोडून तिनं त्याला सगळं सांगितलं.